रोज रील टाकायलाच हवी का?

प्रश्न : मी कामोठ्यात राहते, घरून डब्यांच्या ऑर्डर घेते. जाहिरातीसाठी रोज इन्स्टाग्रामवर रील टाकते. एक दिवस चुकला की अपराधी वाटतं. वर इतरांच्या रील बघता बघता रात्रीचा एक वाजतो. काय करू?

उत्तर : ताई, आधी वही घ्या. गेल्या महिन्यातलं प्रत्येक गिऱ्हाईक तुमच्याकडे कसं आलं, ते लिहा. डबा मानसरोवर-खांदेश्वर स्टेशनांच्या आसपासच जाणार असेल, तर नागपूरच्या हजारो लोकांनी रील पाहून एक पोळीही जास्त खपणार नाही. सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि एकीने दुसरीला सांगणं, यावरच बहुतेक घरगुती डबे चालतात. आठवड्याला एक रील पुरे. तीही चवळीची उसळ शिजत असताना जमली तर.

बघण्याचं दुखणं वेगळं. तिथे मी मनोनिग्रहाचा सल्ला देत नाही. न संपणारं स्क्रोलिंग २००६ मध्ये अझा रास्किन यांनी रचलं. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पानाचा शेवटच काढून घेतला, तर माणूस थांबणार कुठे? थांबा बाहेरूनच आणावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ च्या ऑगस्टपासून तो गावासाठी आणला: संध्याकाळी सातला भोंगा, टीव्ही-मोबाइल बंद, साडेआठला दुसरा भोंगा. सगळ्यांचंच बंद, म्हणून कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नाही.

तुमच्याकडे साडेदहानंतर घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा. यजमानांचाही, बरं का. गजरासाठी साधं घड्याळ आणा.