विश्वास बुद्धीच्या विरुद्ध आहे काय?

देवनहळ्ळीच्या विमानतळावर प्रवासी वैमानिकाला न पाहताच विमानात बसतो. त्याला कोणी अंधविश्वासू म्हणत नाही. त्याच्या भरवशाला आधार असतो. देवावरील विश्वासही आधार तपासूनच ठेवता येतो. काशीचे मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती मताचे खंडन करावयास निघाले. परंतु पवित्र शास्त्राच्या अभ्यासाअंती १८४८ मध्ये त्यांनीच बाप्तिस्मा घेतला. पुढेही शंकांनी त्यांना छळले. तरी त्यांनी विचार करणे सोडले नाही, आणि प्रभूलाही सोडले नाही. बुद्धी दारापर्यंत नेते. आत पाऊल मात्र विश्वासानेच टाकावे लागते. म्हणून मुलांनी शंका विचारल्यास त्यांना गप्प बसवू नका. सौम्यतेने उत्तर द्या (१ पेत्र ३:१५).