चित्राची जागा

चित्राचे अंक बिनचूक लिहिले म्हणजे संगणकाच्या पडद्यावर तें बिनचूक उमटेल, अशी पुष्कळ विद्यार्थ्यांची समजूत असते. ते अंक स्मृतींत कोठें ठेविले, हाहि प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या यंत्रांत याची काळजी प्रोग्राम लिहिणारासच वाहावी लागे. उदाहरणार्थ, १९८२ सालीं निघालेला कमोडोर ६४ हा संगणक घेऊं.

याची स्मृति ६५,५३६ बाइटांची आहे. प्रत्येक बाइट म्हणजे क्रमांक लावलेलें एक घर समजावें. पडद्यावर चित्र काढण्याचें काम व्हिक नांवाची निराळी चिप करते. तिला एका वेळीं १६,३८४ घरांचा एकच विभाग दिसतो. यंत्र सुरू होतांच तो पहिला असतो. त्यांतहि ४,०९६ पासून ८,१९१ पर्यंतच्या घरांच्या जागीं तिला अक्षरांचे कायमचे सांचेच दिसतात. तेथें ठेविलेलें चित्र तिच्या लेखीं नसल्यासारखेंच होय.

आतां स्प्राइट, म्हणजे पडद्यावर हलवितां येणारें लहान चित्र, पाहूं. तें २४ ठिपके रुंद व २१ ठिपके उंच असतें. एका बाइटांत ८ ठिपके मावतात. म्हणून त्यास ६३ बाइट लागतात. त्याचा पत्ता चिपला एकाच बाइटांत सांगावयाचा, व बाइटांत २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं. यास्तव पत्त्यास ६४ नें भागून येणारी संख्या लिहितात. १३ लिहिलें म्हणजे पत्ता ८३२. ज्या पत्त्यास ६४ नें निःशेष भाग जात नाहीं, तो चिपला सांगण्याचा मार्गच नाहीं.

सी भाषेंत आपण अ‍ॅरेचें नांव व आंतील अंक लिहितों. जागा नेमण्याचें काम कंपायलर व लिंकर करतात. त्यांना चिपचे हे नियम ठाऊक नसतात. त्यामुळें एकहि चूक न दाखवितां प्रोग्राम तयार होतो आणि पडद्यावर चित्राऐवजीं भलतेच ठिपके उमटतात. काल नीट चाललेला प्रोग्राम आज दुसरीकडे एक ओळ वाढवितांच बिघडतो; कारण त्या ओळीनें चित्र पुढें सरकलेलें असतें.

यावर उपाय दोन. पहिला, प्रोग्राम सुरू होतांच चित्राची नक्कल योग्य पत्त्यावर करणें. हा सोपा, पण चित्र दोनदां साठविलें जातें. दुसरा, सीसी६५ या कंपायलरांत प्राग्मा लिहून चित्रास स्वतंत्र सेगमेंटांत घालणें, व लिंकरच्या फाइलींत त्या सेगमेंटास ८,१९२ सारखा पत्ता नेमून देणें. प्रोग्रामाची हद्दहि तेथेंच लिहावी. म्हणजे ती ओलांडतांच लिंकर स्वतःच अडवितो. चूक पडद्यावर शोधीत बसण्यापेक्षां ती दाराशींच थांबविणें बरें.

आमच्या वाचकांनीं एक उदाहरण सोडवून पाहावें. पहिल्या विभागांत २,१००, ५,१२० व १२,२८८ यांपैकीं कोणता पत्ता स्प्राइटास चालेल, व उरलेले दोन कां चालणार नाहींत?