जमिनीची लग्नपत्रिका



नववीच्या वर्गात फळ्यावर 'भूसंपादन' हा शब्द लिहिला आणि अर्थ विचारला. एक मुलगा उठून म्हणाला, "सर, संपादक पेपर तपासतो, तसे जमिनीचे शुद्धलेखन तपासत असतील." वर्ग हसला, मीही हसलो. पण हलगा-मच्छे बायपाससाठी आपल्या भागातील शेतकऱ्यांना आंदोलन आणि कोर्टकचेरी दोन्ही करावे लागले. त्यांच्याच मुलांना हा शब्द परका असावा याचे वाईट वाटले. कानडी कागदात तोच 'भूस्वाधीन' होतो. माझे पदवीचे शिक्षण हिंदीतून झाले, तिथे 'अधिग्रहण'. ते ऐकून मुलांना सूर्यग्रहण आठवले!

आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहून कवींची थट्टा केली. ते स्वतः शिक्षक होते. थट्टा करायची तर मूळ मजकूर पक्का समजावा लागतो. म्हणून मुलांना नोटिशीची लग्नपत्रिका करायला सांगितली. एका गटाने लिहिले :

"आमचे येथे सरकारकृपेकरून चि. सौ. कां. शेतजमीन हिचा विवाह चि. महामार्ग यांच्याशी करण्याचे योजिले आहे. कोणाची हरकत असल्यास 21 दिवसांत लेखी कळवावे. अक्षता पडल्यावर मुलगी माहेरी येणार नाही. अहेर मागाहून."

एका मुलीने विचारले, "सर, मुलीच्या बापाला कोणी विचारले?" तेच ते 21 दिवस, असे मी सांगितले. राष्ट्रीय महामार्गांच्या 1956 च्या कायद्याप्रमाणे पहिली अधिसूचना राजपत्रात येते, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतले एक स्थानिक भाषेतले असते. राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत कारणांसह लेखी हरकत द्यावी लागते. पुढची घोषणा झाली की जमीन केंद्र सरकारची. या झाल्या अक्षता. अहेर म्हणजे नुकसानभरपाई. ती मान्य नसेल तर लवादाकडे जाता येते.

सर्वांत जास्त वेळ 'हरकत' या शब्दावर गेला. आपण दिवसभर "काही हरकत नाही" म्हणतो. नोटीस आल्यावरही गप्प बसलो तर कागदोपत्री तेच म्हटल्यासारखे होते, हे मुलांच्याच लक्षात आले.

पुढच्या शनिवारी 'पहाणी' घेणार आहोत, म्हणजे महाराष्ट्रातला सात-बारा. पालकांनी घरच्या उताऱ्याची झेरॉक्स मुलांबरोबर द्यावी. नावे झाकली तरी चालेल. मूळ कागद मात्र दप्तरात घालू नये.