ध्रुवीय प्रकाश पाहायला जायचे, तर नियोजन कसे करावे?



१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर लाल प्रकाश टिपला. भारताच्या भूमीवरून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची ही बातमी सर्वत्र झळकली. तेव्हापासून 'आपणही एकदा हे पाहावे' असे अनेकांना वाटू लागले आहे. सीमाभागातील कित्येक घरांतली मुले-मुली आज युरोपात, कॅनडात नोकरी-शिक्षणासाठी आहेत आणि आईवडिलांना हिवाळ्यात तिकडे बोलावत आहेत. मात्र अशा एका सहलीला घरची कित्येक वर्षांची शिल्लक लागू शकते. एवढा खर्च करून ढगच पाहून परतायची वेळ येऊ नये, म्हणून आजचा पाठ नियोजनाचा आहे. त्याला भूगोल, विज्ञान आणि गणित तिन्ही विषय लागतील.

हा प्रकाश येतो कुठून?

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा झोत सतत वाहत असतो. त्याला सौरवारा म्हणतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हा झोत अडवते. पण त्या धडपडीत काही कण वेग घेऊन ध्रुवांजवळच्या वातावरणात शिरतात आणि तिथल्या वायूंवर आदळतात. सुमारे १०० ते १५० कि.मी. उंचीवर ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, २०० कि.मी.च्या वर तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. पडद्याच्या खालच्या काठाला दिसणारी जांभळी-गुलाबी छटा नायट्रोजनची असते.

हानलेला फक्त लालच रंग का दिसला, हे आता कळेल. प्रकाशाचा मुख्य पडदा फार दूर उत्तरेला होता. पृथ्वी गोल असल्यामुळे त्याचा खालचा हिरवा भाग क्षितिजाआड राहिला आणि उंचावरचा लाल भाग तेवढा दिसला.

आपल्या भागाचा या विषयाशी जुना संबंध आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाच्या वेळी तेथील निरीक्षकांनी चुंबकी बळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घट नोंदवली. आजही जगभरचे शास्त्रज्ञ त्या वादळाचा अभ्यास करताना कुलाब्याचे आकडे वापरतात. पुढे ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईतच ध्रुवीय प्रकाश दिसल्याचे वृत्तपत्रात छापून आले. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नोंदी बिघडू नयेत म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवण्यात आले. ते तिथे अजून चालू आहे.

परंतु मुंबई किंवा हानले येथे हे दिसणे हा योगायोग होय. योगायोगाचे नियोजन करता येत नाही. म्हणून जिथे हा प्रकाश नेहमी दिसतो, तिथे जावे लागते.

पहिला प्रश्न : कुठे?

'जितके उत्तरेला तितके चांगले' अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. ध्रुवीय प्रकाश चुंबकीय ध्रुवाभोवती एका कड्यासारखा पसरलेला असतो. ऐन ध्रुवावर नव्हे, तर त्या कड्याखाली उभे राहायचे असते. नॉर्वेतील ट्रॉम्सो, स्वीडनमधील अबिस्को, फिनलंडचा उत्तर भाग, आइसलंड, अलास्कातील फेअरबँक्स आणि कॅनडातील यलोनाइफ ही गावे या कड्याखाली किंवा त्याला लागून आहेत. चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला असल्यामुळे यलोनाइफ केवळ ६२ अंश अक्षांशावर असूनही कड्याखाली येते.

याचे उलट उदाहरण म्हणजे आपले 'हिमाद्री' केंद्र. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंड येथे, ७९ अंश उत्तरेला, १ जुलै २००८ रोजी भारताने ते सुरू केले. गोव्याची ध्रुवीय संशोधन संस्था ते चालवते. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम तिथे गेली. पहिल्या तुकडीत बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे संशोधक होते. हे ठिकाण इतके उत्तरेला आहे, की रात्री प्रकाशाचे कडे त्याच्या दक्षिणेला राहते. भर हिवाळ्यात मात्र दुपारीही अंधार असल्याने तिथे दिवसाचा ध्रुवीय प्रकाश पाहता येतो. शास्त्रज्ञांसाठी ही पर्वणी आहे, पण सामान्य प्रवाशाने ट्रॉम्सो किंवा अबिस्कोच गाठावे.

आता या दोन गावांतला फरक पाहा. ट्रॉम्सो समुद्रकाठी आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही तिथले सरासरी तापमान उणे ३-४ अंश सें.च्या आसपास असते, मात्र ढग फार. अबिस्को डोंगरांच्या पलीकडे, पर्जन्यछायेत आहे. समुद्रावरचे ढग नॉर्वेच्या डोंगरांवर रिते होतात आणि अबिस्कोचे आकाश अधिक वेळा मोकळे राहते. सह्याद्री पाऊस अडवतो आणि महाबळेश्वर भिजत असताना आपले भीमा खोरे आभाळाकडे पाहत बसते, तसाच हा प्रकार आहे. जी पर्जन्यछाया आपल्या तुरी-ज्वारीला जाचते, तीच तिथे प्रवाशाच्या पथ्यावर पडते. यलोनाइफलाही आकाश बरेचदा स्वच्छ असते, पण जानेवारीत सरासरी उणे २५ अंशांची थंडी सोसावी लागते.

दुसरा प्रश्न : कधी?

उन्हाळ्यात तिकडे रात्रच होत नाही. म्हणून सप्टेंबर ते मार्चअखेर हा हंगाम. ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात ज्या दीर्घ रात्रीचा आणि दीर्घ उषेचा विचार केला, तो हाच प्रदेश. (वेदकालीन लोक तिथून आले हा त्यांचा निष्कर्ष आज विद्वान मानत नाहीत.) पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुवदिनांच्या सुमारास, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्चमध्ये अधिक खळबळते. त्यामुळे वयस्कर मंडळींनी कडाक्याचा जानेवारी टाळून मार्च निवडला तरी नुकसान नाही.

महिना ठरल्यावर 'कालनिर्णय' उघडा आणि अमावास्या पाहा. पौर्णिमेच्या चांदण्यात फिका प्रकाश हरवतो. अमावास्येच्या मागेपुढे चार-पाच दिवस घेतल्यास आकाश काळे मिळते. दिवसातली वेळ साधारण रात्री नऊ ते दोन, आणि जागा गावातल्या दिव्यांपासून लांब.

तिसरा प्रश्न : किती रात्री?

हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि पैसे वाचवताना लोक नेमकी इथेच कात्री लावतात. समजा, एखाद्या ठिकाणी सरासरी तीनपैकी एकच रात्र निरभ्र असते. म्हणजे एका रात्री ढग असण्याची शक्यता २/३. सर्व रात्री ढगाळ जाण्याची शक्यता अशी :

१ रात्र राहिल्यास : २/३, म्हणजे सुमारे ६७ टक्के.
३ रात्री राहिल्यास : ८/२७, म्हणजे सुमारे ३० टक्के.
५ रात्री राहिल्यास : ३२/२४३, म्हणजे सुमारे १३ टक्के.

एका रात्रीसाठी गेलेल्यांपैकी तिघांतले दोघे रिकाम्या हाताने परततील. पाच रात्री राहिलेल्यांपैकी सातआठ जणांत एखादाच. प्रत्यक्षात ढग एकदा आले की दोन-तीन दिवस मुक्काम करतात, म्हणून हिशेब याहून थोडा कडकच धरावा. तात्पर्य, भारी हॉटेलऐवजी साधी खोली घ्यावी, चार देश फिरण्याऐवजी एका जागी राहावे, आणि वाचलेल्या पैशांतून रात्री वाढवाव्यात. 'हमखास दाखवतो' असे कोणी सांगितले, तर न दिसल्यास काय परत मिळेल, हे लेखी विचारावे.

चौथा प्रश्न : सूर्याची साथ

सूर्याची खळबळ सुमारे ११ वर्षांच्या चक्राने कमीजास्त होते. सध्याचे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सूर्य कमाल टप्प्यात आल्याचे अमेरिकन संस्थांनी जाहीर केले. कमाल टप्पा ओसरल्यावरही काही वर्षे मोठी वादळे येतात. शिवाय कड्याखालच्या गावांत सूर्य शांत असतानाही प्रकाश दिसतो. त्यामुळे वर्ष हुकले म्हणून हळहळू नये. सूर्यावरचा स्फोट पृथ्वीपर्यंत पोहोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणून नेमका अंदाज सहा महिने आधी कोणीच देऊ शकत नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आपले 'आदित्य-एल१' यान पृथ्वीपासून १५ लाख कि.मी.वरून याच सूर्यावर नजर ठेवून आहे. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुकाने, तर दुसरे प्रमुख उपकरण बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेने सिद्ध केले.

पालकांसाठी

नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलंड या चारही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. व्हिसा हाती येण्यापूर्वी परत न मिळणारे पैसे भरू नयेत.

कपडे तीन थरांत घालावेत. अंगालगत सुती कपडा नको. घामाने भिजला की तो गारठतो. लोकर ओली झाली तरी ऊब देते, हे घोंगडी पांघरून पावसात मेंढरे राखणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. बर्फावर घसरून हाड मोडण्याचा धोका मोठा, म्हणून बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे घ्यावेत. रक्तदाब, मधुमेहाची औषधे पूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते.

आणखी एक गोष्ट मनाशी ठेवावी. छायाचित्रातला गडद हिरवा रंग कॅमेऱ्याने कित्येक सेकंद प्रकाश साठवून मिळवलेला असतो. डोळ्यांना फिका प्रकाश पांढुरक्या ढगासारखाच दिसतो. तो जोरात आला म्हणजे मात्र रंग आणि हालचाल दोन्ही डोळ्यांना दिसतात. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे द्यावीत.

परदेश परवडत नसेल, तर हानले आहे. तिथे ध्रुवीय प्रकाशाची आशा धरून नव्हे, तर ताऱ्यांसाठी जावे. डिसेंबर २०२२ पासून तो परिसर अंधाराचे राखीव क्षेत्र आहे. उंची चार हजार मीटरपेक्षा जास्त असल्याने आधी लेहला दोन-तीन दिवस विश्रांती घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

करून पाहा (इयत्ता ८ वी ते १० वी)

१. अंधाऱ्या रात्री सप्तर्षी किंवा शर्मिष्ठेच्या साहाय्याने ध्रुवतारा शोधा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. करजगीहून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर साधारण पावणेदोन मुठी, म्हणजे १७ अंशांवर दिसेल. हाच आपला अक्षांश. ट्रॉम्सोला तो किती मुठींवर दिसेल?

२. दोनपैकी एक रात्र निरभ्र असेल, तर चार रात्रींत एकदा तरी आकाश मोकळे मिळण्याची शक्यता काढा.

३. पुढील वर्षाच्या 'कालनिर्णय'वरून मार्चमधील सहलीसाठी पाच रात्री निवडा आणि कारण दोन ओळींत लिहा.

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पहिल्या उपक्रमात घरच्या मोठ्यांना बरोबर घ्यावे. ध्रुवतारा दाखवणारे आजी-आजोबा अजून बऱ्याच घरांत आहेत.