खडकांतून पाणी निघालें, तरीही

वाचण्याचा भाग : गणना २०:१-१३, अनुवाद ३:२३-२८, ३४:१-८.

आज्ञाभंगाची गोष्ट निघाली म्हणजे आपण बहुधा फारो, आखान किंवा शौल यांचीं नांवें घेतों. या धड्यांत आपण मोशेकडे पाहूं. तो देवाचा विश्वासू सेवक होता. म्हणूनच त्याचें उदाहरण मंडळीची सेवा करणारांस अधिक बोचतें.

इस्राएल लोक कादेश येथें आले. तेथें मिर्याम मरण पावली. पाणी नव्हतें, म्हणून लोक मोशे व अहरोन यांच्याशीं भांडूं लागले. तेव्हां परमेश्वरानें मोशेस आज्ञा केली कीं, काठी घ्यावी, मंडळी जमवावी आणि सर्वांदेखत खडकाशीं बोलावें. मोशेनें काठी घेतली, मंडळी जमविली. येथवर आज्ञा पाळली गेली. परंतु खडकाशीं बोलण्याऐवजीं तो लोकांवर संतापला, त्यांस बंडखोर म्हणाला, आणि पाणी जणूं आपणच काढणार अशा रीतीनें बोलून त्यानें खडकावर दोन वेळां काठी मारली. पूर्वीं रफीदीम येथें खडकास मारण्याचीच आज्ञा होती (निर्गम १७:१-७). या वेळीं ती निराळी होती.

आतां एक गोष्ट नीट लक्षांत घ्यावी. पाणी निघालें, आणि विपुल निघालें. लोक प्याले, गुरेंढोरें प्यालीं. त्या दिवशीं छावणींत कोणासही विचारलें असतें, तर मोशेचें काम सफळ झालें असेंच त्यानें सांगितलें असतें. परंतु देवानें त्या दोघां भावांवर अविश्वासाचा आणि लोकांसमक्ष आपलें पावित्र्य न राखल्याचा दोष ठेविला. वचनदत्त देशांत मंडळीस नेण्याचा मान त्यांच्या हातून गेला. मिसर सोडल्याच्या ४० व्या वर्षीं अहरोन होर डोंगरावर मेला. तेव्हां तो १२३ वर्षांचा होता. मोशेनें यार्देनेपलीकडे जाऊं देण्याविषयीं काकुळतीनें विनंती केली, पण ती मान्य झाली नाहीं. १२० वर्षांचा असतां त्यानें नबो डोंगरावर चढून तो देश डोळे भरून पाहिला. त्यांत पाऊल मात्र ठेविलें नाहीं.

यावरून आपण काय शिकावें?

१. पाणी मिळालें ही तान्हेल्या लोकांवर देवाची दया होती. सेवकाच्या वागणुकीस ती पसंती नव्हती. आपल्या उपदेशानें कोणी विश्वास धरिला, प्रार्थनेस घर भरलें, एवढ्यावरून आपण आज्ञेंत चालत आहों असें सिद्ध होत नाहीं.

२. लोकांनीं मोशेस चिडविलें, हें स्तोत्र १०६ मध्येंही सांगितलें आहे. तरी त्यांची चूक ही त्याच्या चुकीची सबब ठरली नाहीं. आम्हां पाळकांस हा मोह चांगला ठाऊक आहे. दूरच्या वाडीवर थकून जावें, आणि ऐकणारांनीं कुरकुर करावी. मग जें वचन प्रीतीनें सांगावयाचें, तें काठीसारखें त्यांच्या माथ्यावर बसतें. पुष्कळदां आम्ही उपदेश केला असें समजलों, आणि केवळ आपला राग ओकून घरीं आलों.

३. क्षमा झाली तरी आज्ञाभंगाचे सर्वच परिणाम नाहींसे होतात असें नाहीं. पण परिणाम राहिले म्हणून कृपाही संपत नाहीं. मोशे रुसून बसला नाहीं. ज्या देशांत आपण जाणार नाहीं, तेथें लोकांस नेण्यासाठीं त्यानें यहोशवास धीर दिला. त्याचें दफन खुद्द देवानें केलें. आणि पुढें रूपांतराच्या डोंगरावर तोच मोशे प्रभु येशूशीं बोलत उभा असलेला शिष्यांस दिसला (मत्तय १७:१-३).

विचारासाठीं प्रश्न : ज्या कामाबद्दल लोक आपली वाहवा करितात, तेंच काम देवानें सांगितलेल्या रीतीनें झालें काय? ज्या बंधूवर आपण रागावून बोललों, त्याच्याकडे या आठवड्यांत जाण्यास आपण तयार आहों काय?