भाकरी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा



दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतल्या वाड्या-तांड्यांवरून जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. निघण्याआधी घरातल्या बायकांना हा लेख वाचून दाखवा. फडावरच्या बाईचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. भाकरी थापायची, घाईत चहाबरोबर दोन घास खायचे आणि मोळ्या वाहायला जायचं. मग दम लागतो, चक्कर येते, पोटऱ्या दुखतात, काही जणींना तर माती किंवा खडू खावासा वाटतो. रक्त कमी असल्याची ही लक्षणं आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं अनेक आहेत, पण एक कारण आपल्या हातात आहे आणि ते दूर करायला पैसा लागत नाही. ते म्हणजे जेवणासोबतचा चहा.

हे समजून घेण्यासाठी आधी शिवारात जाऊ. कीड, बुरशी आणि जनावरांपासून वाचण्यासाठी झाडं आपल्या अंगातच काही रसायनं तयार करतात. त्यांतला एक मोठा गट फिनॉलिक संयुगांचा. बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ फोडून ठेवलं की गर तपकिरी पडतो. पेशी फुटल्या की गरातली फिनॉल हवेतल्या ऑक्सिजनच्या संपर्कात येतात, आणि त्यातून बनणारे पदार्थ जंतूंना अटकाव करतात. तांबड्या ज्वारीच्या काही वाणांना पाखरं सहसा तोंड लावत नाहीत, कारण दाण्यातल्या टॅनिनमुळे तो तुरट लागतो. आपल्या पांढऱ्या मालदांडीत टॅनिन फारच कमी असतं. म्हणून तिची भाकरी गोड लागते आणि म्हणूनच तिची राखण करावी लागते.

कपाशीचं पान उजेडात धरून पाहा. त्यावर बारीक काळे ठिपके दिसतील. त्यांत गॉसिपॉल हे असंच फिनॉलिक संयुग असतं, अळीला नकोसं वाटणारं. सरकीतही ते असतं. म्हणून सरकीचं तेल शुद्ध केल्याशिवाय खायचं नसतं, आणि सरकी पेंड लहान वासरांना व कोंबड्यांना जपून द्यावी लागते. कोंबडीखाद्यात ही पेंड वापरायची असेल तर त्यात हिराकस मिसळतात. हिराकशीतलं लोह गॉसिपॉलला बांधून टाकतं, मग त्याचा त्रास कमी होतो.

हीच गोष्ट आपल्या पोटात उलटी घडते. चहाच्या पानांतही अशीच फिनॉलिक संयुगं भरपूर असतात. जेवणाबरोबर चहा घेतला की ती भाकरीतलं, डाळीतलं, पालेभाजीतलं लोह धरून ठेवतात आणि ते रक्तात न जाता शौचावाटे बाहेर पडतं. 1975 साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी ब्रेड आणि भाताच्या जेवणावर हे तपासलं. चहामुळे लोहाचं शोषण घटलं, आणि सोबत क जीवनसत्त्व दिलं तरी ते घटलंच. तेव्हा लिंबू पिळलं म्हणून जेवताना चहा चालेल, असं समजू नका. दूध घातल्यानंही फारसा फरक पडत नाही.

घरी पाहायचं असेल तर मुदत संपलेली लोहाची एक गोळी कुटून कोऱ्या चहात टाका. चहा शाईसारखा काळा होईल. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तिचं रसायनही हेच. लोहाच्या अनेक गोळ्यांत हिराकशीचंच शुद्ध रूप असतं. मळमळतं म्हणून पुष्कळ जणी ही गोळी चहाबरोबर घेतात. अशी घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते.

मग काय करायचं?

पहाटेचा चहा सोडा असं मी म्हणत नाही. उठल्या उठल्या घ्या, पण भाकरी त्यानंतर तासाभरानं खा. जेवल्यावरही चहाला तासभर थांबा. कॉफीही जेवणाबरोबर घेऊ नका.

भाकरी-पिठल्यासोबत लिंबाची फोड किंवा पेरू घ्या. क जीवनसत्त्वामुळे धान्यातलं लोह चांगलं शोषलं जातं. मूग-मटकी मोड आणून खा. मांसाहार करत असाल तर मटण, कलेजी यांतलं लोह शरीराला सहज मिळतं. शेतकऱ्यांनी खरिपात परभणी शक्ती या ज्वारीचा विचार करावा. परभणीचं कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट यांनी मिळून काढलेल्या या वाणात किलोमागे सुमारे 45 मिलिग्रॅम लोह असतं. नेहमीच्या वाणांत ते 30 च्या आसपास असतं.

लोहाची गोळी रात्री जेवणानंतर पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. गरोदर बाईनं फडावर जाताना आशाताईंकडून पूर्ण हंगामाच्या गोळ्या मागून घ्याव्यात.

फिनॉलिक संयुगं वाईट मात्र नाहीत. भाज्या, फळं, हळद, ओवा यांतून ती जरूर पोटात जाऊ द्या. मात्र ग्रीन टी किंवा हळदीच्या तीव्र अर्काच्या कॅप्सूल मनानं घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. झाडाचं संरक्षण करणारं रसायन किती घ्यायचं, याला मर्यादा असतेच.

आणखी एक. अंगावरून जास्त जात असेल तर नुसत्या आहारानं भागणार नाही, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पण कुणी लगेच गर्भपिशवी काढायला सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय होकार देऊ नका. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. हा आकडा आपल्या सगळ्यांना लाज आणणारा आहे. जास्त रक्तस्रावाच्या पुष्कळ कारणांवर औषधांनी उपचार होतात.

निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं 12 च्या खाली, गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल तर उपचार सुरू करा. 7 च्या खाली असेल तर कोयता हातात घेऊ नका, मुकादमाला तसं स्पष्ट सांगा आणि थेट रुग्णालय गाठा.