धुरावलेल्या मांसाची टेक्सास चिली : एका वाडग्याला खर्च किती?

टेक्सासच्या विधिमंडळाने 1977 मध्ये चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ ठरवलं. मांस, सुक्या मिरच्या आणि जिरं यांचं हे दाट कालवण. त्यात मंद धुरावर शिजवलेलं मांस पडलं की वेगळीच लज्जत येते. पण मांस कुठून आणता, यावर वाडग्याची किंमत तिपटीने बदलू शकते. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमधल्या मराठी कुटुंबांनी बाजारात जाण्याआधी हा हिशोब पाहून घ्यावा. तो 8 भरपेट वाडग्यांचा आहे. दर तिथल्या सुपरमार्केटमधले साधारण आहेत. दुकान आणि आठवड्याप्रमाणे ते कमीजास्त होतात.

मांस किती घ्यायचं?

शिजलेलं मांस 2 पाउंड, म्हणजे सुमारे 900 ग्रॅम लागतं. धुरावर शिजताना पाणी आणि चरबी निघून जाते, हाडही वजा होतं. हाती जेमतेम निम्मं उरतं. म्हणून कच्चं 4 पाउंड धरा.

इतर सामान : सुमारे 14 डॉलर

- आंचो आणि ग्वाहियो या सुक्या मिरच्या : 5
- राजमा, 1 पाउंड : 2
- टोमॅटोचे दोन डबे : 3
- कांदे, लसूण : 2.50
- जिरं, ओरेगानो, दाटपणासाठी मक्याचं पीठ : 1.50

मांसासह आठ वाडग्यांचा खर्च

- हाडासह चिकनच्या मांड्या (मांस 8, कोळसा-लाकूड 4) : एकूण 26, वाडग्याला सव्वातीन डॉलर.
- डुकराचा खांदा (मांस 12, कोळसा-लाकूड 6) : एकूण 32, वाडग्याला 4 डॉलर.
- घरी धुरावलेलं ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा तुकडा (मांस 20, कोळसा-लाकूड 4) : एकूण 38, वाडग्याला पावणेपाच डॉलर. मात्र 12 पाउंडांचा अख्खा तुकडा घ्यायचा तर एकदम 60 डॉलर मोजावे लागतात. इथे धरला आहे तो त्याचा तिसरा हिस्सा.
- बार्बेक्यूच्या हॉटेलातून आणलेलं ब्रिस्केट : पाउंडाला 30 डॉलरच्या आसपास. टेक्सासमध्ये किराण्याच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही, पण तयार अन्नावर तो 8.25 टक्क्यांपर्यंत जातो. एकूण 79, वाडग्याला जवळपास 10 डॉलर.

गोमांस न खाणाऱ्या घरांनी पहिले दोन पर्याय बिनधास्त निवडावेत. चवीत काही उणं राहत नाही.

पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

राजमा घातल्याने निम्मं मांस वाचतं. टर्लिंग्वाच्या प्रसिद्ध चिली स्पर्धेत बीन्स चालत नाहीत, पण घरी तो नियम कशाला? मात्र राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि कुकरमध्ये शिजवा. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये टाकू नका. तिथल्या मंद आचेवर त्यातलं विषारी द्रव्य नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाब होऊ शकतात.

सुक्या मिरच्यांत मात्र काटकसर नको. अमेरिकी दुकानातल्या ‘चिली पावडर’मध्ये जिरं, लसूण, ओरेगानो आणि बहुधा मीठही असतं. तिच्याऐवजी तेवढेच चमचे आपलं लाल तिखट घातलं, तर घास तोंडात धरवणार नाही. आंचोच्या बिया काढा आणि ती गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट दाबून भाजा. मनुकांसारखा गोडसर वास सुटला की लगेच उतरवा. काळी पडली तर सगळं कालवण कडू होतं. मग 20 मिनिटं गरम पाण्यात भिजवून मिक्सरवर बारीक वाटा.

धुरावलेलं मांस आधीच शिजलेलं आणि खारवलेलं असतं. ते शेवटच्या पाऊण तासात घाला आणि मीठ चव पाहूनच टाका. चिकन आतून 74 अंश सेल्सिअस तापलंय, याची खात्री करायला 15-20 डॉलरचा थर्मामीटर घ्या. तेवढा खर्च कराच.

आमचा सल्ला

फक्त चिलीसाठी ग्रिल पेटवू नका आणि हॉटेलातलं महाग ब्रिस्केट तर या भांड्यात मुळीच घालू नका. एरवी ग्रिल पेटेल त्या दिवशी एक खांदा किंवा थोड्या मांड्या जास्तीच्या ठेवा. कोळसा जवळपास तेवढाच लागतो. दोन तासांच्या आत मांस फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत वापरणार नसाल तर 2-2 पाउंडांच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये टाका. दोन-तीन महिने चव टिकते, आणि पुढची चिली सर्वांत स्वस्तात होते.